समोरचा ब्रेक

मे महिना लागला की गावाच्या पूर्वेकडून एक वास चालत येतो. तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांचा. पान तोडून आणलेलं असतं तेव्हा तो कच्चा असतो, तुरट, जिभेच्या टोकाला कळेल असा. मग पान फडावर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, पडतं, ऊन खातं, आणि वास पिकत जातो. शेवटी तो बंद पेटीतल्या लुगड्यांसारखा होतो, थोडासा चहाच्या रिकाम्या डब्यासारखा. नक्की कशासारखा ते मला अजून सांगता येत नाही. जन्मभर हुंगते आहे, तरी.

यंदाही फड बसला आहे. बाया पहाटे जंगलात जातात, हल्ली घोळक्यानं आणि मोठमोठ्यानं बोलत, कारण वाघ फार झालेत. दुपारी सावलीला बसून पानांचे पुडे बांधतात. उन्हं कलली की गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेऊन ते ओळीनं मांडतात, वाळायला. त्या ओळींच्या मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट ठेवलेली असते, पुडे पलटवणाऱ्यासाठी. लांबून पाहिलं तर वाटतं, कोणीतरी जमिनीची वेणी घातली आहे.

आणि फडाच्या शेजारच्या पडीक जागेत माझी नात राही सायकलचे खेळ करत असते. चंद्रपूरला कॉलेजात आहे. सुट्टीत आली तर पुस्तकं आणेल असं तिच्या आईला वाटलं होतं, तिनं बसच्या टपावर टाकून सायकल आणली. ही सायकल म्हणजे एक कोडंच आहे. घंटी नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. सीट इतकी खाली की ती बसण्यासाठी नसावीच. राही जोरात येते, एकदम थांबते, आणि मागचं चाक हवेत जातं. पोरगी पुढच्या एका चाकावर उभी, मागचं चाक तिच्या पाठीमागे शेपटासारखं वर. एक क्षण सगळं तसंच राहतं. मग मागचं चाक हळूच जमिनीवर येतं, जणू काही झालंच नाही.

मी पळसाच्या सावलीत दगडावर बसून हे बघते. रोज. घरी सून म्हणते, आई, तुम्ही तरी तिला थांबवा. मी म्हणते, थांबणंच तर शिकते आहे ती.

"आजी, तू घरी जाय ना," राही म्हणते. "तू पाहून राह्यली का माहा बॅलन्स जाते."

"मी कुठी हात लावून राह्यली? मी तं नुसती पाहून राह्यली."

"तू नुसती नाई पाहात. तू विचारते."

हे मात्र खरं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, तू कोणता ब्रेक दाबतेस. ती म्हणाली, समोरचा. मी विचारलं, पूर्ण मूठ? तिनं उजव्या हाताचं एक बोट वर केलं. एकच बोट. बाकीची बोटं मुठीला धरून ठेवतात आणि हे एक बोट ब्रेकवर असतं, हलकं, झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावं तसं. ते बोट मी तिला पुन्हा दाखवायला लावलं. कारण समोरच्या ब्रेकला आमच्या गावात एक इतिहास आहे.

आमच्या लहानपणी गावात नवी सायकल आली की तिला कुंकू लावायचे, हार घालायचे, नारळ फोडायचे, आणि मग पाना घेऊन तिचा समोरचा ब्रेक काढून टाकायचे. हा विधीच होता. समोरचा ब्रेक माणसाला फेकतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावातला कोणी फेकला गेला नव्हता, पण प्रत्येकाला दुसऱ्या गावचा एक माणूस ठाऊक होता. कोणाचा साडू, कोणाचा जावई. तो उडाला होता. कुठे पडला ते दर वेळी बदलायचं. विहिरीत, निवडुंगात, एकदा तर वरातीत.

काढलेला ब्रेक कोणी टाकत नसे. तेव्हाचे ब्रेक तारेचे नव्हते, लोखंडी दांड्यांचे होते, आणि चाकाजवळ एक कमान असायची, तिला दोन बाजूंना रबर. ती कमान भिंतीत ठोकली की उत्तम आकडा होतो. आमच्या घरी तिच्यावर कंदील टांगलेला असायचा. शेजारी ताकाची रवी. एका घरी बाळाचं टोपडं. मला कितीतरी वर्षं वाटायचं की सायकल विकत घेतली की तिच्यासोबत कंदील टांगायला एक आकडा फुकट मिळतो. हे मी वर्गात सांगितलंही होतं, उभं राहून, हात वर करून.

त्या काळातली मी म्हणजे एक नगच होते. दोन वेण्या, त्यांना लाल फिती, आणि मान अशी ताठ की जणू डोक्यावर घागर आहे. बाबांची काळी दांडीवाली सायकल मला चालवता यायची, गावातल्या पोरींत मला एकटीला, आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षातून जाऊ नये म्हणून मी रिकाम्या रस्त्यावर बकऱ्यांना घंटी वाजवत जात असे. सीटवर बसलं तर पाय पुरते पोचायचे नाहीत, म्हणून सीटच्या अगदी टोकावर, हँडलवर ओणवी होऊन. मला वाटायचं मी राणीसारखी दिसते. शेवंता म्हणायची, तू कुबड्या म्हातारीसारखी दिसते. आता मी खरीच तशी दिसते, तर ती फोनवर म्हणते, पाह्य, मी तवाच सांगतलं होतं.

शेवंता माझी मैत्रीण. पुढे नर्स झाली, भामरागडकडे राहिली, आणि आता तिकडेच घर करून आहे. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटला की आमचे फोन लांबतात, कारण तिला दुसरं काही करायला नसतं.

तर मी सातवी झाले त्या उन्हाळ्याची गोष्ट. गावची शाळा सातवीला संपायची. पुढची चिमूरला. पोरं सायकलनं जायची. पोरींना कोणी नको म्हटलं नव्हतं, पण कोणी गेलीही नव्हती. मी जाणार म्हणाले तेव्हा बाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. चिमूरच्या वाटेवर एक उतार आहे, मुरमाचा, आणि उताराच्या तळाला नाल्यावर रपटा होता. रपटा म्हणजे नुसती सिमेंटची पट्टी, कठडा नाही, काही नाही. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून जायचं, आणि तेव्हा वरच थांबून पाणी उतरायची वाट बघायची. न थांबता आलं तर सायकल, दप्तर आणि पोरगी, तिन्ही नाल्यात.

"चालवता तं साऱ्याइलेच येते," बाबा म्हणाले. "थांबता येते काय ते दाखव मले."

अट अशी ठरली. शाळा उघडायच्या आधी मी उतारावरून यायचं आणि रपट्याच्या अलीकडे जे पळसाचं झाड आहे तिथे थांबायचं. न पडता. जमलं तर चिमूर. नाही तर सातवी पुष्कळ झाली.

यात शेवंताही गुंतली होती. तिच्या घरी सायकल नव्हती. ती जाणार तर माझ्या कॅरिअरवर बसून, नाही तर नाहीच. आणि नाहीच म्हणजे काय ते आम्हाला दोघींना माहीत होतं. तिच्या मामानं आपल्या पोरासाठी विचारणं पाठवलं होतं. मामाचा पोरगा वाईट नव्हता. पण शेवंताला गणितं आवडायची, आणि मामाच्या घरी गणितं नव्हती.

म्हणून आम्ही थांबायला शिकायला लागलो.

शिकायला जागा एकच, फड. उन्हाळ्यात तेवढीच जमीन सपाट आणि झाडलेली. दुपारी बाया पुडे बांधत बसलेल्या असत, फडावरचा मुन्शी, पुडे मोजून घेणारा ठेकेदाराचा माणूस, छत्री उघडून डुलकी काढत असे, आणि मी ओळींच्या मधून सायकल घालत असे. चाक एका बाजूला जरा कललं की पुडा चेंगरणार. मुन्शीनं ताकीद दिली होती, एक जरी पुडा दबला तर सायकल माझ्या छत्रीला बांधीन. तिथे जोरात जाणं शक्यच नव्हतं. हळू जायचं, त्याहून हळू, इतकं हळू की सायकलला आपण निघालो आहोत की थांबलो आहोत ते कळू नये. आणि सायकल हळू झाली की पडते.

यावर मी एक युक्ती काढली होती. पायानं पायडल मारत राहायचं आणि त्याच वेळी मागचा ब्रेक अर्धा दाबून ठेवायचा. पाय म्हणतो चल, हात म्हणतो थांब, आणि दोघांच्या भांडणात सायकल मधल्या मध्ये ताठ उभी राहते. समोरचं चाक जरा तिरकं करायचं, पडेल त्या बाजूला वळवायचं, पुन्हा सरळ. शेवंता बाजूनं चालत असायची आणि चालता चालता माझ्या पुढे निघून जायची. मग थांबून म्हणायची, येते का तू, का उद्या येशीन.

परवा मी हे राहीला सांगितलं तर ती सायकलवरून उतरली. तिच्या खेळात एका जागी उभं राहायचा प्रकार आहे, त्यात ती अगदी हेच करते म्हणे. तिला तो शिकायला एक अख्खा पावसाळा लागला.

"आजी, तुले हे कोणं सांगतलं?"

"मुन्शीच्या छत्रीनं."

पण हळू चालवता येणं वेगळं आणि उतारावर थांबता येणं वेगळं. हे मला बाबांसमोर कळलं. एका संध्याकाळी आम्ही उतारावर गेलो. बाबा खाली झाडाजवळ उभे, शेवंता वर माझ्यासोबत. मी फिती घट्ट केल्या. का, ते विचारू नका, फितींचा ब्रेकशी काही संबंध नाही. निघाले. अर्ध्या उतारावर मागचा ब्रेक दाबला. चाक थांबलं. सायकल नाही थांबली. मागचं चाक तसंच, न फिरता, मुरमावरून घसरत राहिलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि झाड, बाबा, बाबांचं उघडं तोंड, सगळं बाजूनं निघून गेलं. मी रपट्याच्या कडेच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन थांबले. बाबांनी मला बाहेर काढलं, सायकल बाहेर काढली, आणि ती स्वतःच ढकलत घरी नेली.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. बाबांचा आंबीलचा डबा शेतावर न्यायचं काम माझं. डबा हँडलला लटकवलेला. मी ब्रेक लावला की डबा पुढे झोका खायचा. दर वेळी. आजवर तो तसा जायचा आणि मी बघायची नाही, त्या दिवशी बघितलं. पुन्हा लावला. पुन्हा पुढे. मी रस्त्यात डबा झुलवत, थांबत, निघत, थांबत गेले, आणि आंबील अर्धी सांडली. थांबताना सगळं पुढे पळतं. डबा पुढे, मी पुढे, फिती पुढे. मागच्या चाकावर कोणीच राहत नाही. मग ते बिचारं कशाच्या बळावर थांबवणार? आणि सगळं ओझं ज्या चाकावर जाऊन बसतं, त्याचा ब्रेक आमच्या भिंतीवर, कंदील धरून.

एवढा विचार मी केला, याचा मला अजून अभिमान आहे. पुढे जे केलं त्याचा नाही. कंदील उतरवून खिळ्याला टांगला आणि कमान, दांड्या, सगळं फडक्यात बांधून सायकलवरून आठवडी बाजारात नेलं. तिथे झाडाखाली एक चाचा सायकली दुरुस्त करायचे. फडकं उघडलं तर ते हसायला लागले. "पूरे इलाके के ब्रेक दीवारों पे टंगे हैं," म्हणाले. नवं रबर घालून बसवून दिला. निघताना एकच सांगितलं, "धीरे दबाना, बेटी. झटका नक्को."

मी हो म्हटलं. मी तेव्हा सगळ्यांनाच हो म्हणायची.

फडावर आले, ओळींच्या शेवटी मोकळी जागा होती तिथून जोर धरला, आणि नवा ब्रेक पूर्ण मुठीनं, दात आवळून दाबला. पुढचं मला क्रमानं आठवत नाही. आभाळ आठवतं. खालून वर नाही, वरून खाली असलेलं आभाळ. मग पानांचा वास, फार जवळून. मी तिसऱ्या ओळीत पालथी पडले होते आणि सायकल माझ्यानंतर, सावकाश, माझ्या पायांवर आली. दुसऱ्या गावच्या त्या सगळ्या साडूंना आणि जावयांना मी मनातल्या मनात रामराम केला. मुन्शी छत्री घेऊन धावत आला. त्यानं आधी पुडे उचलून पाहिले, मग मला.

"उडाली काय व?" त्यानं विचारलं. आवाजात काळजी नव्हती, कुतूहल होतं.

राहीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की सायकल टाकून जमिनीवर बसली. मग काडी घेऊन मातीत चित्र काढायला लागली. दोन गोल, मध्ये एक ठिपका. ठिपका म्हणजे आपलं वजन. समोरचा ब्रेक लागला की ठिपका पुढच्या चाकाकडे धावतो, आणि त्या चाकाच्या पुढे निघाला की माणूस गेला. तू सीटच्या टोकावर बसून, हँडलवर ओणवी होऊन, एकदम मूठ दाबली. ठिपका आधीच पुढे होता, तू त्याला धक्का मारलास.

"मंग तू काऊन नाई पडत? तुहं तं चाकच वर जाते."

"कारण मी सोडते," ती म्हणाली. "चाक वर आलं का बोट ढिलं करते. धरून ठेवलं तं मी बी तोंडावर."

मला हे फार नवल वाटलं. मी समजत होते की तिची कला दाबण्यात आहे. ती सोडण्यात निघाली. मी विचारलं, आणि समोरचं चाक उचलून मागच्या चाकावर चालतेस तेव्हा? तेव्हा उलटं. पाठीवर पडायला लागलं की मागचा ब्रेक हलकेच टेकवायचा, समोरचं चाक आपोआप खाली येतं. म्हणजे मागचं चाक उचलतो पुढचा ब्रेक, आणि उचललेलं पुढचं चाक खाली आणतो मागचा. मी ते दोन-तीनदा मनात फिरवून पाहिलं. जन्मभर वाटत होतं, ब्रेक म्हणजे फक्त नाही म्हणणं. त्या पोरीच्या हातात तो काहीतरी विचारणं असतो. आत्ता कुठे आहे वजन? आणि आत्ता?

आमच्याकडे तेव्हा मातीत ठिपका काढणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे शेवंता होती.

मी पुन्हा उडू नये म्हणून शेवंतानं ठरवलं की ती मागे कॅरिअरवर बसेल आणि मला धरून ठेवेल. कमरेला धरून काही होणार नाही, असं तिचं मत पडलं, म्हणून तिनं माझ्या दोन्ही वेण्या धरल्या, लगामासारख्या. मी निघाले, ब्रेक दाबला, या वेळी चाचांनी सांगितलं तसा, धीरे. सायकल थांबली. कुठे घसरली नाही, कुठे उडाली नाही. आम्ही दोघी त्या थांबलेल्या सायकलवर इतक्या चकित झालो की पाय टेकवायचे राहिले आणि आडव्या पडलो.

मग आम्हाला छंदच लागला. शेवंता बसलेली असली की मी कितीही घाबरून ब्रेक दाबला तरी मागचं चाक जमिनीला चिकटून राहायचं. उतरली की पुन्हा उसळायचं. तिचं म्हणणं, मी वेण्या ओढते म्हणून. माझं म्हणणं, नाही. वाद मिटवायला आम्ही नाल्यातली रेती एका पोत्यात भरून पोतं कॅरिअरला बांधलं. पोत्यानं माझ्या वेण्या धरल्या नव्हत्या. सायकल थांबली. अगदी तशीच.

मी वाद जिंकले म्हणून ओरडणार होते, तर शेवंताचा चेहरा पाहिला.

"म्हंजे मी पोतं," ती म्हणाली.

आणि मग तिच्याही मनात तेच आलं जे माझ्या मनात आलं. बाबांना हे कळलं तर ते म्हणतील, पोतं बांध आणि जा. शेवंता कशाला? पोत्याची गाठ सोडली, रेती ओतून दिली, पोतं झटकून तिच्या घरी होतं तिथे ठेवून आलो. आजतागायत हे कोणाला सांगितलं नव्हतं. परवा फोनवर शेवंताला म्हटलं, मी हे लिहिणार आहे. ती म्हणाली, लिही, पण पोत्याचं वजन माह्याहून जास्त होतं हे बी लिही. लिहिलं.

दुसऱ्यांदा उतारावर गेलो तेव्हा शेवंता मागे होती. बाबा खाली, दोन पावलं मागे सरकून उभे, बेशरमाकडे एक डोळा ठेवून. मी आले, दोन्ही ब्रेक हळूहळू आवळले, आणि झाडाजवळ अशी थांबले की हात लावून पळसाचं पान तोडता येईल. तोडलंही. नाटकीपणा जात नव्हता माझा.

बाबांनी समोरचा ब्रेक पाहिला. कंदील खिळ्यावर का आला होता ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी तो दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. मग मला एकटीला एकदा थांबून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं, आणि मागचं चाक उसळलं.

"एकटी नाई जायाचं," ते म्हणाले. "शेवंता मांगं बसन तरच."

मी आनंदानं शेवंताकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कारण आता माझी शाळा तिच्या आईच्या हातात गेली होती.

तिची आई म्हणजे पार्बतामावशी. उंच, दणकट बाई, कमी बोलणारी. तिच्या अंगणात कोणी आलं तर ती आधी हातातला पुडा पूर्ण बांधायची, मग वर बघायची. बाबा त्या दिवशी तिच्या अंगणात गेले. मी आणि शेवंता कुडाच्या मागे. बाबांनी सगळं सांगितलं, उतार, रपटा, ब्रेक, झाड. मावशीनं पुडा बांधला. मग म्हणाली, तुमच्या पोरीले थांबता येते हे तुमी पाह्यलं. मी कुठी पाह्यलं? बाबा म्हणाले, उद्या येऊन पाहा, शेवंताला बसवून दाखवते. मावशी म्हणाली, पोरीला बसवून मी काय पाहू? पडली तर पोरगी पडेल, मी तर बघतच राहीन. मामाकडून माणूस येणार आहे आठवड्यात, त्याला काय सांगू, ते ठरवायचं आहे मला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती उतारावर आली. हातात विळा होता, तो तिनं बाबांकडे दिला. मला वाटलं, बघायला आली आहे. ती सायकलजवळ आली, कॅरिअर दाबून पाहिलं, आणि पदर कमरेला खोचला.

"आधी मी बसतो," ती म्हणाली.

बाबांनी विळा या हातातून त्या हातात घेतला. शेवंताचा चेहरा पांढरा पडला. आणि मी, गावातली एकमेव सायकलवाली, मला पहिल्यांदा खरं भय वाटलं. रेतीच्या पोत्यानं आम्हाला एवढंच सांगितलं होतं की मागे वजन असलं की सायकल उलटत नाही. वजन फार असलं तर सायकल थांबते का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

मावशी बसली तेव्हा मागचं टायर दबल्याचं मला सीटमधून कळलं. तिनं माझी कंबर धरली नाही, वेण्या धरल्या नाहीत, सीटच्या खालच्या स्प्रिंगा धरल्या. आम्ही निघालो. उतार तोच होता, पण सायकल त्याला वेगळ्या तऱ्हेनं ओळखत होती. लवकर वेग आला. मी ठरल्या जागी ब्रेक लावायला सुरुवात केली, धीरे, आणि काहीच झालं नाही. आणखी आवळला. रबर जळल्याचा वास आला. मुरमाचा आवाज बदलला. उलटण्याची मुळीच भीती नव्हती, मागचं चाक जमिनीत रुजल्यासारखं होतं, पण झाड येत होतं, आणि वेग जात नव्हता, म्हणजे जात होता, पण झाडाइतक्या घाईनं नाही. मी दोन्ही मुठी आवळल्या. त्या क्षणी मी फितींचा विचार केला नाही, हे नमूद करते. झाड गेलं. बाबा गेले, हातात विळा धरून. मग चाकाखाली मुरूम संपून सिमेंटचा गुळगुळीत आवाज झाला, आणि आम्ही थांबलो. रपट्यावर. समोरचं चाक रपट्याच्या तोंडाशी, कडेपासून हातभर आत. दोन्ही बाजूंना कोरडा नाला, दगड, आणि एका डबक्यात उभा बगळा, जो उडालासुद्धा नाही.

मी पाय टेकवले. मागे बघायची हिंमत नव्हती. झाड पाठीमागे होतं, बरंच पाठीमागे. चिमूर संपलं, असं मला वाटलं, आणि मला माझ्यापेक्षा जास्त शेवंताचं वाईट वाटलं, जे माझ्या बाबतीत नवीन होतं.

मावशी उतरली. पदर सोडून नीट केला. नाल्यात वाकून पाहिलं. मग वळून झाडाकडे पाहिलं, चांगलं निरखून. बाबा आणि शेवंता धावत येत होते.

"झाडाच्या पुढं आली तू," ती म्हणाली.

"हो."

"मी जड आहो." तिनं कॅरिअरवर हात ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. "शेवंता हलकी हाये. तिले घेऊन झाडापाशीच थांबशीन."

बाबा धापा टाकत पोचले. मावशीनं त्यांच्या हातातून विळा घेतला. मामाकडून येणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते ती सांगेल, असं म्हणाली, शाळा उघडली की शेवंता येईल. एवढं बोलून ती वळली आणि उतार चढायला लागली.

पायी गावात जायची जवळची पाऊलवाट, सायकल न जाणारी, उताराच्या पायथ्याहूनच फुटत होती, नाल्याच्या काठानं. वर तिचं काही काम नव्हतं.

"कुठी चालल्या बाई?" बाबांनी विचारलं.

मावशी थांबली नाही. लुगडं घोट्यापर्यंत उचललं होतं, आणि चाल अशी की शेवंताला मागे पळावं लागलं.

"माही अजून एक खेप," ती म्हणाली. "सायकल आण व वर, लवकर. अंधार पडन."